खिशात चाकू, कमरेला विळा: ताडोबा-गडचिरोलीच्या जंगलात नेमकं काय चालतं?

चंद्रपूरहून पद्मापूरमार्गे मोहर्लीकडे पहाटे निघालं की एकाच रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक उघड्या जिप्सीतली. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, कंबरपट्ट्याला मल्टिटूलचं काळं पाकीट. दुसरी पायी चालणारी. लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर रिकामं गाठोडं, हातात नाहीतर कमरेला विळा. दोघांनाही जंगलातच जायचं असतं आणि दोघांकडेही धारदार पातं असतं.

यातलं कोणतं पातं 'अवजार' आणि कोणतं 'हत्यार'? उत्तर सोपं वाटतं, पण तसं नाही. हल्ली प्रत्येकाच्या फीडमध्ये 'रोज खिशात ठेवायच्या वस्तू' नावाचे रील्स येतात. छोटा टॉर्च, लायटर आणि खटकन उघडणारा चाकू. ऑनलाइन दोन दिवसांत घरपोच मिळतो. विकणारा सांगत नाही की तोच चाकू नागपूरच्या विमानतळावर हँडबॅगेतून काढून घेतला जातो, चंद्रपूरच्या नाकाबंदीत त्याचा पंचनामा होऊ शकतो आणि ताडोबाच्या गेटच्या आत तो कायद्याच्या भाषेत थेट 'शस्त्र' ठरतो.

म्हणून हा विषय जरा नीट समजून घ्यायला हवा.

'सहा इंचाच्या आत चालतं' हे कुठून आलं?

पानटपरीवर विचारलं तर कुणी सांगेल चार इंच, कुणी सहा इंच. कायद्यात आकडा आहे, पण तो यातला एकही नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू. त्याच व्याख्येत एक महत्त्वाची सूट आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात मोडत नाहीत. उदाहरण म्हणून कायद्याने लाठी आणि साध्या हातकाठीचं नाव घेतलं आहे.

पुढे नियमांच्या परिशिष्टात धारदार हत्यारांचा गट येतो: तलवारी, खंजीर, भाले, फरशा, चाकू, कुकरी वगैरे. तिथे माप आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. आणि पुन्हा तीच सूट: घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं सोडून.

म्हणजे कायदा आधी विचारतो, वस्तू कशासाठी बनवली आहे. मग विचारतो, किती मोठी आहे. घरातली पावशी (पुण्या-मुंबईकडे हिला विळी म्हणतात) कितीही मोठी असली तरी ती भाजीसाठीच आहे. धान कापायचा विळा, बांबू तोडायचा कोयता, सरपणाची कुऱ्हाड यांचंही तसंच. उलट दोन्ही बाजूंनी धार असलेला, मुठीवर कवटी कोरलेला 'टॅक्टिकल' खंजीर लहान असला तरी तो भाजी चिरायला घेतला होता हे पटवून देताना घाम फुटेल.

क्राइमच्या बातमीत 'हत्यार कायदा कलम ४, २५' असं वाचायला मिळतं. कलम ४ सांगतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक भागात ठरावीक प्रकारची हत्यारं परवान्याशिवाय बाळगायला मनाई करू शकतं. कलम २५ त्याची शिक्षा सांगतं. त्यामुळे अशा खटल्यात पहिले प्रश्न दोन: अधिसूचना काय म्हणते आणि पात्याचं माप किती. पंचनाम्यात मुठीची लांबी, पात्याची लांबी आणि रुंदी वेगवेगळी लिहितात ती याचसाठी.

दिल्लीने माप आणखी खाली आणलं. तिथल्या १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे चाकू येतात, पातं ७.६२ सेंटीमीटर म्हणजे ३ इंच किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. गंमत म्हणजे ब्रिटनमध्येही हाच ३ इंचांचा आकडा आहे. तिथे १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांच्या आतला, लॉक न होणारा घडीचा चाकू कारण न सांगता खिशात ठेवता येतो. रील्समध्ये सांगितले जाणारे 'नियम' बहुतेकदा तिकडचेच असतात. ते चंद्रपूरच्या बसस्टँडवर लागू होत नाहीत.

लहान चाकू असला तरी ३७(१)(३) आहेच

इथेच बरेच जण फसतात. माप छोटं म्हणून विषय संपत नाही.

सणासुदीला, निवडणुकीला किंवा आंदोलनाच्या काळात स्थानिक पेपरात एक चौकट येते: 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) आणि (३) खालचा आदेश असतो. त्यात हत्यारं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' घेऊन फिरायला मनाई करता येते. यात इंचांचा प्रश्नच नाही. लाठीसुद्धा येते. वर सांगितलेल्या शस्त्र कायद्याने जी लाठी नाव घेऊन बाहेर ठेवली, तीच इथे नाव घेऊन आत आली आहे!

असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. पण एक संपला की दुसरा निघतो आणि सामान्य माणसाला आज आदेश आहे की नाही हे क्वचितच माहीत असतं. मोडला तर कलम १३५ आहे.

कागदावर हा आदेश सगळ्यांना सारखा आहे. प्रत्यक्षात धानकापणीच्या दिवसांत मूल, सिंदेवाही, आरमोरी, देसाईगंजच्या रस्त्यांवर सकाळी शेकडो विळे जातात आणि कुणी अडवत नाही. अडवूही नये. संध्याकाळी दारूच्या दुकानासमोर तोच विळा कमरेला दिसला तर मात्र चौकशी होईल. वस्तू तीच असते. वेळ, जागा आणि माणूस बदलतो आणि हे ठरवणं नाक्यावरच्या हवालदाराच्या समजुतीवर राहतं.

पुण्यात हे उलट टोकाला गेलं. 'कोयता गँग'च्या बातम्या वाढल्यावर २०२३ च्या सुरुवातीला तिथे कोयता विकताना खरेदीदाराचं ओळखपत्र घेऊन नोंद ठेवण्याच्या सूचना दुकानदारांना मिळाल्या. नारळ सोलायला आणि ऊस तोडायला लागणारी वस्तू शहरात संशयाची झाली. गडचिरोलीच्या आठवडी बाजारात लोहारापुढे बसून पाजवून घेतलेला कोयता अजून तरी फक्त कोयता आहे.

गेटच्या आत नियम एकदम बदलतो

आता मुख्य भाग. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ३१ एका वाक्यात सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाऊ शकत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही ही तरतूद लागू आहे.

इथलं 'शस्त्र' शस्त्र कायद्यातलं नाही. या कायद्याची स्वतःची व्याख्या आहे आणि ती खूप रुंद आहे. दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटकं, बंदुका, आकडे, चाकू, जाळी, विष, फास, सापळे आणि प्राण्याला बेशुद्ध करू शकणारं, भुलवणारं, इजा करणारं किंवा मारणारं कोणतंही साधन. 'चाकू' हा शब्द तिथे सुटा, कोणत्याही मापाशिवाय उभा आहे. ९ इंच नाही, ३ इंच नाही. घरगुती वापराची सूटही नाही.

याचा शब्दशः अर्थ घ्यायचा तर सफरचंद कापायला पिशवीत टाकलेली सुरीसुद्धा 'शस्त्र' आहे. आणि कमरेच्या पाकिटातलं मल्टिटूल तर आहेच, कारण त्यात पातं आहे. १९७२ साली हा मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिकारी होता, सफरचंद खाणारा पर्यटक नव्हता, हे उघड आहे. पण कायदा जसा लिहिला तसा वाचला जातो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातल्या सर्वसाधारण उल्लंघनाला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हा नियम नेमका कुठे लागतो? ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, सुमारे ११६ चौरस किलोमीटर. त्याला लागून १९८६ चं अंधारी अभयारण्य, सुमारे ५०९ चौरस किलोमीटर. हे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारीचा गाभा. त्याभोवती १,१०० चौरस किलोमीटरच्या आसपास बफर. कलम ३१ उद्यानासाठी आणि अभयारण्यासाठी आहे. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, राखीव जंगलंही आहेत, तिथे भारतीय वन अधिनियम चालतो. म्हणजे बफरमधल्या रिसॉर्टच्या खोलीत ठेवलेला घडीचा चाकू एका कायद्याखाली आणि मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून आत गेलेला तोच चाकू दुसऱ्याच कायद्याखाली. मध्ये एक बांबूचा अडसर आणि एक नोंदवही.

पर्यटकासाठी यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. सफारीला जाताना चाकू आणि मल्टिटूल खोलीत ठेवा. जिप्सीत गाइड आणि चालक असतो, गाडीतून उतरायला मनाई असते, आत काही कापायची वेळच येत नाही. फोटो सोडला तर त्या वस्तूचा सफारीत उपयोग शून्य.

गडचिरोलीतल्या माणसासाठी मात्र गोष्ट सोपी राहत नाही.

हक्क पानाचा आहे, मग विळ्याचा?

गडचिरोली जिल्ह्यात चपराळा आणि भामरागड ही अभयारण्यं आहेत. भामरागड परिसरात माडिया लोकांची वस्ती आहे. इथे कुऱ्हाड म्हणजे खांद्यावर असणारी, जवळजवळ अंगाचाच भाग झालेली वस्तू. सरपण, कुंपण, घराची बल्ली, वाटेत आडवी आलेली वेल, सगळ्याला तीच. पुण्यातला तरुण घरातून निघताना खिशातला मोबाइल चाचपतो, तितक्या सहज इथला माणूस कुऱ्हाड उचलतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यानपिढ्या गोळा होत आलेल्या गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. बांबू आणि तेंदूपत्ता दोन्ही या व्याख्येत आले. 'वनजमीन' या शब्दात या कायद्याने अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही धरली. शिकारीचा आणि सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्टपणे बाहेर ठेवला.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) याच कायद्याखाली देशात चर्चेत आलं. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वाद चालूच राहिला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. पुढे २०१२ च्या नियमांत वनोपज 'योग्य त्या वाहनाने' नेण्याची मुभा आली, त्याआधी डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी असे शब्द होते.

म्हणजे पान कुणाचं हे लिहिलं गेलं. बांबू कोणत्या गाडीने न्यायचा हेही लिहिलं गेलं. तो कापायचा कशाने, हे कुणी लिहिलं नाही.

ही किरकोळ गोष्ट नाही. तेंदूचं पान हातानेच तोडतात, पण हंगामाच्या आधी झुडपांची खुटकटाई करावी लागते, तरच नवी, मऊ, विडीच्या कामाची पानं फुटतात. त्याला कोयता किंवा कुऱ्हाड लागते. पानं घरी आणल्यावर ७० पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. पुडा बांधायला सालीची दोरी लागते, ती सोलायला पातं लागतं. बांबूचं तर बोलायलाच नको. बेटातला कोवळा बांबू सोडून पक्व झालेलाच, जमिनीलगतच्या पेरावर स्वच्छ घाव घालून तोडायचा असतो. बोथट कोयत्याने ठेचून तोडला तर बुंधा फाटतो, पाणी साचतं, बेट खराब होतं. चांगलं पातं इथे जंगल राखण्याचंच साधन आहे.

आणि दुसऱ्या बाजूला वन अधिनियम १९२७ चं कलम ५२ आहे. वनगुन्हा झाल्याचा संशय असेल तर वनोपजासोबत त्यासाठी वापरलेली अवजारं, होड्या, गाड्या, जनावरं जप्त करता येतात. विदर्भात जुन्या निस्तारपत्रकांच्या काळापासून लोकांच्या तक्रारींत जप्त झालेली कुऱ्हाड आहेच. साहेब दंड करून सोडतो, कुऱ्हाड मात्र रेंज ऑफिसच्या कोपऱ्यात पडून राहते. शहरातल्या माणसाला यात फार काही वाटणार नाही. रोजची चूल त्या कुऱ्हाडीवर पेटत असेल तर वाटेल.

यावर उपाय अवघड नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करायचाच असतो. कोणत्या कामाला, कोणत्या महिन्यात, कोणतं अवजार जंगलात जाईल, एवढं त्यात लिहिलं आणि वनविभागाने ते मान्य केलं तर नाक्यावरचा वाद बराच कमी होईल. अभयारण्याच्या हद्दीत कलम ३१ ची 'लेखी पूर्वपरवानगी' गावालाच एकत्रित देता येईल का, हा प्रश्नही विचारायला हवा. दरवेळी माणसाच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

'त्यांना हत्यार द्या'

१० मे २०२५. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल गावाजवळच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या ३ महिला वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. (हे मेंढा वेगळं, धानोऱ्याचं वेगळं.) एकाच दिवशी, एकाच भागात तीन मृत्यू. त्या आधी मोहफुलांचा हंगाम, त्यानंतर तेंदूचा. मार्च ते मे हे इथल्या गरिबाच्या हातात रोख पैसा येण्याचे महिने, आणि वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येण्याचेही.

अशा बातमीखाली एक कमेंट ठरलेली असते: 'यांना हत्यार बाळगू द्या.' भावना समजण्यासारखी आहे. पण हल्ला कसा होतो ते पाहिलं की चाकूचा मुद्दा गळून पडतो.

वाघ बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने येतो आणि मानेवर पकड घेतो. मोह वेचणारी किंवा तेंदू तोडणारी बाई वाकलेली, उकिडवी बसलेली असते. वाघाला ती दोन पायांवरचा माणूस दिसतच नाही, एखादं बुटकं जनावर दिसतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. कमरेचा विळा कमरेलाच राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने असाच जीव घेतला. त्या प्रशिक्षित होत्या आणि सोबत माणसंही होती.

उपयोग होतो तो वेगळ्याच गोष्टींचा. एकटीने न जाणं, उजाडायच्या आधी न निघणं, एकमेकींना हाका मारत राहणं, चार जणी वाकल्या तर एकीने उभं राहून लक्ष ठेवणं. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत वाघ गावाकडे सरकला की कॅमेऱ्यातून ओळखून गावाला इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. ती चांगलीच आहे, पण ती गावाच्या वेशीवर आहे. पान जंगलात आहे.

मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी मदत राज्य सरकारने २०२३ मध्ये २० लाखांवरून २५ लाख केली. रक्कम वाढली, हे बरोबर झालं. पण पहाटे चारला निघावंच लागू नये असा भाव पानाला मिळाला, तर त्याने विळ्यापेक्षा जास्त जीव वाचतील.

मग घ्यायचाच असेल तर कोणता?

रोजच्या कामाला छोटं पातं लागतं, यात गैर काही नाही. दोरी कापणं, बियाण्याची पिशवी फोडणं, फळ चिरणं, सायकलचा स्क्रू आवळणं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये सैनिकी अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली, तोच आजचा लाल 'स्विस नाइफ'. पक्कड असलेलं मल्टिटूल त्यानंतर बऱ्याच काळाने आलं. अमेरिकेतल्या टिम लेदरमन यांना १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप फिरताना गाडी सारखी दुरुस्त करावी लागली. खिशातल्या चाकूला पक्कड असती तर, या वैतागातून ती कल्पना सुचली आणि १९८३ मध्ये कंपनी उभी राहिली.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे राहणाऱ्यासाठी पक्कड हाच खरा कामाचा भाग आहे. मोटरसायकलची तुटलेली क्लच केबल, चपलेत घुसलेला बाभळीचा काटा, कुंपणाची तार, सगळ्याला पक्कड. पातं दोन-अडीच इंचांचं पुरतं. घडीचा असेल तर तो बोटावर मिटणार नाही एवढं बघावं, पक्कं लॉक असलेला बरा. बटण दाबताच उसळणारा, दुधारी किंवा चित्रपटातल्या रामपुरीसारखा दिसणारा घेऊ नये. कामाला तो काहीच जास्त देत नाही आणि पोलिसांच्या नजरेत मात्र लगेच भरतो. कामाच्या पिशवीत, बाकीच्या अवजारांसोबत ठेवलेलं मल्टिटूल आणि कमरेला लटकवून मिरवलेला चाकू यांची कथा कुणालाही वेगवेगळीच दिसते.

पावसाळा इथे दमट असतो. साधं पोलाद एका रात्रीत गंजतं, स्टेनलेस टिकतं, पण त्याला पुन्हा धार लावायला जास्त घासावं लागतं. जड कामाला लोहाराचाच माल. ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेला, नीट पाणी दिलेला कोयता ऑनलाइनच्या 'सर्व्हायव्हल' चाकूपेक्षा स्वस्त आणि कितीतरी कामाचा असतो. वापरल्यावर पुसून तेलाचा हात फिरवला की तो वर्षानुवर्षं चालतो.

दोन ठिकाणी मात्र हे अवजार खिशातून बाहेर काढायचंच नाही.

पहिलं, सर्पदंश. दंशाच्या जागी चाकूने चीर देऊन रक्त काढायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते, सिनेमातही दाखवतात. त्याने विष निघत नाही. उलट घोणसासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं, त्यात वर चीर दिली तर रक्तस्राव थांबता थांबत नाही. घट्ट आवळपट्टीही नको. माणसाला शांत ठेवायचं, दंश झालेला हात-पाय हलवू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. भामरागड-एटापल्लीच्या अंतरांचा विचार केला तर चीर देण्यात आणि मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरं, तार. शेताच्या कडेला किंवा जनावरांच्या वाटेवर उघडी तार दिसली की हातात मल्टिटूल असलेल्याला ती कापावीशी वाटते. शिकाऱ्याचा फास असेल तर प्राणी वाचेल, हा विचार चांगलाच. पण रानडुकरांसाठी तारेत वीज सोडण्याचे प्रकार या भागात होतात, त्यात वाघही मेले आहेत आणि माणसंही. मल्टिटूलची मूठ धातूची असते, तिला वीजरोधक आवरण नसतं. तार जिवंत आहे की मेलेली हे बघून कळत नाही. फास असला तरी तो वनगुन्ह्याचा पुरावा आहे, वनविभागाने जागेवर पंचनामा करून काढायची वस्तू. लांब उभं राहून फोटो काढावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवावं. विजेचा संशय असेल तर महावितरणलाही.

प्रवासाचं थोडक्यात: विमानात चाकू आणि पातं असलेलं मल्टिटूल केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाकावं. नवा विळा किंवा कोयता बाजारातून नेताना पात्याला कापड किंवा सुतळी गुंडाळून न्यावी, एसटीत शेजारच्याला लागत नाही. आणि पोलिसांनी विचारलं तर स्वतःहून दाखवावं, कशासाठी आहे ते सरळ सांगावं. शेतावर निघालेल्या माणसाच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि विळा असतो. तपासणाऱ्यालाही ते कळतं, बहुतेक वेळा.